पी पपईचा की पापाचा? रेडिओवरचं ते अल्फा-ब्राव्हो असतं तरी काय

मागच्या चैत्रात मामाच्या शेतातली मोटर बंद पडली. यावल तालुका, पारा ४३ वर, केळी निसवायला आलेली, आणि अशात पाणी बंद. मोटरला काही झालं नव्हतं, स्टार्टरमधली कॉइल जळलेली. मामा पेटीसमोर उभा, एका हातात मोबाईल, दुसऱ्या हाताने जुनी कॉइल शर्टाला पुसत तिच्यावरचा कोड वाचतोय, "पी... डी... एन..." शेजारच्या वावरात ट्रॅक्टर चालू. पलीकडचा दुकानदार म्हणाला हां हां लिहिलं, पाठवतो. दुसऱ्या दिवशी एसटीने पार्सल आलं, उघडलं तर कॉइलवर बीडीएम. बसतच नाही. परत फोन, परत पार्सल, दोन दिवस गेले. मामाचं एकच, "आता याले अजून किती जोरात सांगू?"

मला तेव्हा हसू आलं, पण नंतर विचार केला की चूक ना मामाची ना त्या दुकानदाराची. पी चा बी झाला आणि एन चा एम झाला, हे फोनवर रोज कुठे ना कुठे होतं. आणि ज्या लोकांना अशी चूक परवडतच नाही, म्हणजे वैमानिक, जहाजवाले, फौजी, हॅम रेडिओवाले (हौसेने रेडिओवर बोलणारे), त्यांनी यावर फार आधी इलाज शोधून ठेवलाय. सिनेमात आपण ऐकतो ना, अल्फा, ब्राव्हो, चार्ली, टँगो, तोच तो इलाज. बऱ्याच जणांना वाटतं ही काहीतरी गुप्त भाषा असावी, पण आहे बरोबर उलटं, सगळ्यांना स्पष्ट समजावं म्हणूनच ती बनवली.

ओरडून का भागत नाही

इंग्रजी अक्षरांची नावं एकदा मोठ्याने म्हणून बघा. बी, सी, डी, ई, जी, पी, टी, व्ही. आठ अक्षरं आणि आठही जणांची शेपटी एकच, 'ई'. फरक आहे तो फक्त सुरुवातीच्या छोट्याशा फटक्यात, ओठ किंवा जीभ सुटते त्या क्षणात, आणि तो क्षण सेकंदाचा अगदी बारीक तुकडा असतो. मागचा 'ई' आपण लांबवतो, त्याच्यावरच जोर देतो. म्हणजे मामा जेव्हा ओरडून "पीईईई" म्हणत होता तेव्हा तो सगळा जोर जे सगळ्यांत सारखं आहे त्यावरच लावत होता, जे वेगळं आहे ते तेवढंच राहिलं, ट्रॅक्टरच्या आवाजात बुडून गेलं.

वर फोनची स्वतःची एक खोड. साधी फोनलाइन माणसाचा सगळा आवाज नेतच नाही, साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा नेते (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आकडा जेवढा मोठा तेवढा आवाज बारीक). 'स' आणि 'फ' यांच्यात जी सळसळ असते तिचा बराचसा भाग याच्या वर असतो. म्हणून समोरासमोर एस आणि एफ कधीच चुकत नाहीत, फोनवर मात्र हमखास चुकतात. एम आणि एन तर सख्खे भाऊ, दोघंही नाकातून येतात, एक ओठ मिटून आणि एक जीभ टेकवून, आणि फोनवर ओठ काही दिसत नाहीत.

विमानाच्या रेडिओवर तर अजून कठीण. ११८ ते १३७ मेगाहर्ट्झचा पट्टा, त्यात एकाने बटण दाबून बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, दोघांनी एकदम दाबलं तर नुसती शिट्टी आणि खरखर. इंजिनाचा आवाज वेगळा. आणि बोलणारा कोरियाचा, ऐकणारा ब्राझीलचा, दोघांचीही मायबोली इंग्रजी नाही.

अंधारातल्या बरण्या

लोडशेडिंगमध्ये स्वयंपाकघरात कधी मीठ शोधलंय? सगळ्या बरण्या एकाच मापाच्या, एकाच झाकणाच्या असतील तर मिठाऐवजी साखर हातात येणारच. आमची आजी म्हणून मीठ चिनीमातीच्या बरणीत ठेवायची, तिखट लाकडी डब्यात, साखर पितळी डब्यात. अंधारात हात लागला की कळायचं. बोट नुसतं काठाला लागलं तरी कळायचं, पूर्ण डबा चाचपायची गरजच नाही.

रेडिओवरच्या या शब्दांचं अगदी तसंच. अक्षरांना वेगवेगळ्या घाटाचे डबे दिले. शब्द लांब असल्यामुळे अर्धा खरखरीत गेला तरी उरलेल्या अर्ध्यावरून ओळखता येतो. "...व्हेंबर" एवढंच ऐकू आलं तरी तो एन, कारण ऐकणाऱ्याला अख्ख्या इंग्रजी डिक्शनरीत शोधायचं नसतं, फक्त २६ शब्दांत शोधायचं असतं आणि त्या २६ मध्ये तसा वाजणारा दुसरा नाही. (डिसेंबर, सप्टेंबर हे त्या यादीत घेतलेच नाहीत.) या सगळ्या पद्धतीला स्पेलिंग अल्फाबेट म्हणतात, आपण इथे शब्दमाला म्हणू. फोनेटिक अल्फाबेट असंही म्हणतात पण ते नाव जरा फसवं आहे, कारण भाषा शिकणारे उच्चार दाखवायला जी चिन्हं वापरतात त्यांनाही तेच नाव आहे.

तर ती माला अशी: अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको, फॉक्सट्रॉट, गोल्फ, हॉटेल, इंडिया, ज्युलिएट, किलो, लिमा, माइक, नोव्हेंबर, ऑस्कर, पापा, क्वेबेक (उच्चार केबेक), रोमिओ, सिएरा, टँगो, युनिफॉर्म, व्हिक्टर, व्हिस्की, एक्सरे, यांकी, झुलू. आय ला इंडिया आहे बरं का, जगातला कुठलाही वैमानिक दिवसातून दहादा आपलं नाव घेतो.

यातली एक गंमत मला फार आवडते. अल्फाचं अधिकृत स्पेलिंग पीएच ने नाही, एफ ने केलंय, कारण पीएच चा उच्चार 'फ' होतो हे सगळ्या देशांच्या लोकांना माहीत असेलच असं नाही. आणि ज्युलिएटच्या शेवटी दोन टी आहेत, कारण एकच टी असता तर फ्रेंच माणसाने तो गिळला असता. म्हणजे शब्द निवडूनच थांबले नाहीत, वाचणारा कुठे अडखळेल तेही बघितलं.

हे ठरवलं कुणी

एका दिवसात नाही झालं हे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सिग्नलवाले ए ला ऍक, बी ला बीअर, टी ला टॉक, पी ला पिप, एम ला एमा म्हणायचे. पीएम म्हणायचं असलं की "पिप एमा". विमानविरोधी (अँटी-एअरक्राफ्ट, म्हणजे ए-ए) तोफांना "ऍक-ऍक" नाव पडलं ते यातूनच. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांनी एबल, बेकर, चार्ली, डॉग अशी माला घेतली, नॉर्मंडीच्या किनाऱ्याच्या तुकड्यांना डॉग ग्रीन, ईझी रेड अशी नावं होती ती त्याच मालेतली.

युद्ध संपलं आणि प्रवासी विमानं देशोदेशी उडायला लागली तेव्हा कळलं की एबल-बेकर इंग्रज माणसाला सोपं आहे, बाकीच्यांच्या जिभेला नाही. मग आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे आयकाओने, माँट्रियलचे भाषातज्ज्ञ प्राध्यापक झाँ-पॉल विने यांच्याकडून नवी माला तयार करवली. १९५१ मध्ये ती लागू झाली. त्यात सी ला कोका, एम ला मेट्रो, एन ला नेक्टर, यू ला युनियन, एक्स ला एक्स्ट्रा असे शब्द होते.

आणि इथे खरी मजा. लोकांनी वापरून बघितली आणि तक्रारी सुरू झाल्या. नेक्टर आणि व्हिक्टर, म्हणून बघा खरखरीत, "...क्टर" एवढंच येतं. डेल्टा आणि एक्स्ट्रा, तेच. म्हणजे बरण्या बदलल्या पण दोन बरण्यांची झाकणं परत सारखीच निघाली. मग पुन्हा वेगवेगळ्या देशांच्या लोकांना ऐकवून चाचण्या झाल्या, वरचे पाच शब्द बदलले, आणि १ मार्च १९५६ पासून आजची माला लागू झाली. तेव्हापासून तीच.

त्या चाचण्यांत एक गोष्ट सापडली ती नीट समजून घेण्यासारखी आहे. एफ साठी फुटबॉल हा शब्द सुटा ऐकवला तर फॉक्सट्रॉटपेक्षा चांगला समजतो. पण बाकीच्या शब्दांच्या रांगेत, सलग बोलण्यात, फॉक्सट्रॉट सरस ठरला. म्हणून फुटबॉल बाद. आमच्या गावात क्रिकेटची टीम काढताना पण हेच होतं, एकटा एकटा चांगला खेळणारा आणि टीममध्ये बसणारा वेगळा असतो. मालेतला एखादा शब्द आपल्याला विचित्र वाटतो (फॉक्सट्रॉट हा नाचाचा प्रकार आहे, किती जणांना माहीत होता?) पण त्याने बाकीच्या पंचवीस जणांत मिसळून जाऊ नये एवढंच त्याचं काम, अर्थाशी काही घेणंदेणं नाही.

आकड्यांचं काय

आकडेही चुकतात. इंग्रजीत फाइव्ह आणि नाइन दोघांच्या पोटात 'आइ', त्यामुळे रेडिओवर नऊला नाइनर म्हणतात, पाचला फाइफ. जर्मन भाषेत 'नाइन' म्हणजे नाही, तोही घोळ टळतो. तीनला थ्री न म्हणता ट्री, कारण तो 'थ' जगातल्या अर्ध्या जिभांना जमत नाही. चार म्हणजे फोअर, दोन तुकड्यांत. आणि आकडे शक्यतो सुटे सुटे, फोर्टीन आणि फोर्टीचा वांधा नको म्हणून वन-फोर, फोर-झीरो.

आपल्याकडे सात आणि साठ, एकोणसाठ आणि एकोणसत्तर, सत्तावन्न आणि सत्त्याण्णव. फोन नंबर जोड्या करून सांगणारे लोक मला खरंच कळत नाहीत, "अठ्ठ्याण्णव, तेवीस, डबल सात" असं म्हणतात आणि मग लिहिणारा बिचारा तेवीसचा त्रेसष्ट लिहितो. एकेक आकडा सांगा, डबल-ट्रिपल सोडा.

रॉजर आणि मेडे पण यातलेच का?

रॉजर हो, मेडे नाही. मोर्सच्या तारायंत्रात 'मिळालं' सांगायला नुसता आर पाठवायचे. बोलका रेडिओ आला तेव्हा जुन्या मालेत आर म्हणजे रॉजर होता, म्हणून "रॉजर". नंतर आर चा रोमिओ झाला पण रॉजर काही हटला नाही. त्याचा अर्थ "तुमचं बोलणं ऐकू आलं" एवढाच, "तुमचं मान्य आहे" असा नाही, हे लक्षात ठेवायचं. मेडेची गोष्ट वेगळी. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरचे रेडिओ अधिकारी फ्रेडरिक मॉकफर्ड यांनी १९२३ च्या सुमारास तो शब्द सुचवला, 'मला मदत करा' या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून. संकटात तो सलग तीनदा म्हणतात.

आणि कोणी विचारायच्या आधीच सांगतो, करोनाच्या डेल्टाचा याच्याशी संबंध नाही. ती ग्रीक अक्षरं होती, अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा. दोन नावं जुळली एवढंच.

आपल्याकडे हे कुठे चालतं

भरपूर ठिकाणी. भारतात नोंदलेल्या प्रत्येक विमानाच्या नावाची सुरुवात व्हीटी ने होते, रेडिओवर व्हिक्टर टँगो. धुळ्याजवळ गोंदूरला किंवा शिरपूरला शिकाऊ वैमानिकांची छोटी विमानं घिरट्या घालतात ना, त्यातल्या पोरापोरींना हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. फौजेत कंपन्यांची नावं यावरूनच, १९६२ मध्ये लडाखच्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतानसिंग यांच्यासोबत लढली ती १३ कुमाऊंची चार्ली कंपनी, म्हणजे सी कंपनी. हॅम रेडिओवाल्यांचे भारतातले कॉलसाइन, म्हणजे सरकारने दिलेलं हवेतलं नाव, बहुतेक व्हीयू ने सुरू होतात. राजीव गांधी हॅम होते, त्यांचा कॉलसाइन व्हीयू२आरजी, म्हणजे "व्हिक्टर युनिफॉर्म टू रोमिओ गोल्फ".

पण खरं सांगू का, याची सगळ्यात जास्त गरज आता आपल्यालाच आहे. पॅन नंबर, आयएफएससी कोड, गाडीचा नंबर, रेल्वेचे स्टेशन कोड, हे सगळं रोमन अक्षरांत आणि सगळं फोनवर सांगावं लागतं. नंदुरबारचा रेल्वे कोड एनडीबी, फोनवर म्हणून बघा, एमडीबी, एनटीबी, एनडीपी काहीही ऐकू येईल. नोव्हेंबर डेल्टा ब्राव्हो म्हटलं की विषय संपला. काही ठिकाणी कोड बनवणाऱ्यांनीच काळजी घेतलीय, गाडीच्या नंबरातल्या मधल्या अक्षरांत आय आणि ओ सहसा नसतात, एक आणि शून्य वाटतात म्हणून. पण आयएफएससीत पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं आणि आपण सगळे त्याला बिनधास्त "ओ" म्हणतो. म्हणू नका, झीरो म्हणा.

मराठीत नाही का असं काही?

आहे की. ग गणपतीचा, क कमळाचा, घ घराचा. पहिलीपासून आपण हेच तर शिकलो. आणि इंग्रजीवाल्यांना जी अडचण एक्स ला आली तीच आपल्याला ण आणि ळ ला आली, या अक्षराने सुरू होणारा शब्दच नाही, मग ण बाणाचा, ळ बाळाचा. एक्सरे पण तसाच, जुगाड. श शहामृगाचा आणि दुसरा ष चक्क पोटफोड्या. वर काना, पहिली वेलांटी, दुसरा उकार, म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ सांगायची सोय पण तयार. माझ्या मते ही व्यवस्था फोनवर अल्फा-ब्राव्होइतकीच चालते, मराठी आडनाव लिहून घ्यायचं असेल तर जास्तच.

एक वांधा मात्र आहे आणि तो खास आपल्याकडचा. खान्देशात ळ चा य होतो. काळा म्हणजे काया, शाळा म्हणजे शाया, डोळा म्हणजे डोया. "ळ बाळाचा" हे इथल्या तोंडून "य बायाचा" असं निघालं की पुण्यातला ऐकणारा काय लिहील सांगा. बाकी ब आणि भ, त आणि थ, यांच्यातला 'ह' चा फुंकर फोनवर उडून जातो तो वेगळाच. आणि मुख्य म्हणजे पॅन कार्डावर रोमन अक्षरं आहेत, तिथे ज जहाजाचा म्हणून जी लिहायचा की जे, हा प्रश्न उरतोच.

मग बी फॉर बॉम्बे मध्ये वाईट काय?

काहीच नाही, उलट त्यातच आपलं सगळं चाललंय. बॉम्बेची मुंबई १९९५ ला झाली तरी बी फॉर बॉम्बे अजून जिवंत आहे, आणि डी फॉर दिल्ली, पी फॉर पुणे हेही बऱ्यापैकी ठरून गेलेत. अडचण येते ती वेळेवर सुचेल ते म्हणण्याने. मी स्वतः एका माणसाला "जी फॉर जळगाव" म्हणताना ऐकलंय, छातीठोकपणे. समोरच्याने जे लिहिलं, बरोबरच लिहिलं त्याने, जळगावचा रेल्वे कोड जेएल आहे. तसंच सी फॉर केळी, एस फॉर शहादा (यात ऐकणारा श शोधतो), डब्ल्यू फॉर वरणगाव. आपल्याला व एकच, इंग्रजीत दोन. सुचेल तो शब्द म्हणजे अंधारात घाईघाईने हाताला लागेल त्या बरणीत मीठ ओतणं.

व्हॉट्सॲप आहे ना आता?

आहे, आणि मामाने कॉइलचा फोटो टाकला असता तर हा लेखच झाला नसता. पण शेतात त्या कोपऱ्यात रेंज एक काडी, फोटो गोल गोल फिरत बसतो, कॉल मात्र लागतो. आणि नव्या फोनवर आवाज चांगला येतो हेही खरं, ५० ते ७००० हर्ट्झपर्यंत जातो, पण दोन्ही फोन आणि मधलं नेटवर्क तसं असेल तरच, आणि ट्रॅक्टर तरीही ट्रॅक्टरच. विमानंसुद्धा समुद्रावरून जाताना टाइप केलेले मेसेज पाठवतात, पण उतरताना कोण टाइप करत बसेल, तिथे तोंडीच.

हेही खरं की नुसत्या शब्दमालेने सगळं सुटत नाही. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफ बेटावर दोन जंबो विमानं धावपट्टीवर धडकली, ५८३ माणसं गेली. तिथे अक्षर चुकलं नव्हतं, परवानगी मिळालीय असा समज झाला होता आणि नेमके महत्त्वाचे शब्द एकदम बोलण्याने शिट्टीत गेले. त्यानंतर नियम कडक झाले, 'टेकऑफ' हा शब्द खरोखर उडायची परवानगी देताना किंवा ती मागे घेतानाच वापरायचा, आणि ऐकणाऱ्याने महत्त्वाची सूचना परत म्हणून दाखवायची. ही परत म्हणून दाखवायची सवय, रीडबॅक म्हणतात तिला, ती फुकट आहे आणि आजपासून लावता येते. दुकानदाराने नुसतं "हां हां" म्हणण्याऐवजी "बीडीएम ना?" विचारलं असतं तरी मामाचे दोन दिवस वाचले असते.

पण समोरच्याला येत नसेल तर?

हा सगळ्यात खरा आक्षेप. मी उत्साहात मामाला पी पापा, डी डेल्टा, एन नोव्हेंबर शिकवलं, खडूने स्टार्टरच्या पेटीच्या दाराला आतून लिहून पण दिलं. मामा आधी म्हणे पापा कशाले, पपई म्हणतो की. म्हटलं म्हणा, चालेल. या वर्षी परत कॉइल जळली. मामाने फोन लावला, दार उघडलं, चष्मा वर केला आणि एकेक शब्द तोडून वाचला, "पी पपई. डी डेल्टा. एन नोव्हेंबर."

पलीकडून दुकानदार म्हणाला, "नोव्हेंबरपर्यंत कशाला थांबता आबा, उद्याच्या एसटीने पाठवतो ना!"